पाठ झालेली चाळीस वाक्यं

“हे काही मला ऐकू आलं नाही,” हेडफोन काढून टेबलावर ठेवत ललिताबाई म्हणाल्या. “तेविसावं. कोरं सोडलंय.”

काचेच्या केबिनबाहेर बसलेल्या भाग्यश्रीने बटण दाबलं. तिचा आवाज केबिनमधल्या स्पीकरवर आला. “अहो काकू, ते तर सगळ्यात क्लिअर आहे! बाकी आठही जणांनी बरोबर लिहिलं.”

“बरोबर काय, मीही लिहीन. ‘पेशंटला ऑक्सिजन लावला आहे.’ पण ते मी ऐकून नाही लिहिणार, आठवून लिहीन. ‘पेशंटला’ एवढं कानावर पडलं, की पुढचं डोकंच म्हणून मोकळं होतं. ही चाळीसच्या चाळीस वाक्यं मला पाठ झालीत गं. आता माझी परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही.”

भाग्यश्रीने घड्याळात पाहिलं. गुरुवारचे अकरा वाजले होते. सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं, आणि त्याआधी ऐकण्याच्या चाचणीचे आकडे पूर्ण करायचे होते.

ललिता वाळिंबे साठ वर्षांच्या होत्या आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. एकोणीसशे सदुसष्ट साली त्या ट्रंक बोर्डावर बसल्या. एसटीडी आलं, गल्लोगल्ली पिवळे बूथ झाले, ट्रंक कॉल लावणारं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांना चौकशीच्या नंबरवर बसवलं. मग तक्रारींवर. जागा बदलल्या, कानाचा हेडसेट तोच राहिला. दोन हजार सात साली निरोपाचा नारळ घेऊन त्या नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आता करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

भाग्यश्री इंगोले त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची. मूळची वाशिमची, सव्वीस वर्षांची, खराडीला एका बारा माणसांच्या कंपनीत इंजिनिअर. एकदा जिन्यात उभी राहून ती मोबाइलवर आईशी बोलत होती. आवाज तुटत होता, म्हणून तिने स्पीकर लावला होता, तरी फक्त खरखर आणि मधूनच एखादा तुकडा येत होता. भाजीची पिशवी घेऊन वर चढणाऱ्या ललिताबाई थांबल्या आणि म्हणाल्या, “आई सांगतायत, तुरीची डाळ पाठवलीय. एसटीच्या पार्सलनं. पावती आतेभावाकडं आहे.”

भाग्यश्री वळली. “तुम्हाला कसं समजलं, काकू? मले तर काहीच ऐकू नाही आलं.”

“चाळीस वर्षं दुसरं केलंय काय मी?”

पुढच्याच आठवड्यात भाग्यश्री त्यांना विचारायला खाली आली. ऐकायला माणसं हवी आहेत, येता का? ललिताबाईंचे यजमान श्यामराव पेपर वाचत होते. ते पेपरमागूनच म्हणाले, “जा, जा. आयुष्यभर लोकांचं ऐकलंस, आता यंत्राचं ऐक. माझा नंबर कधी लागणार तेवढं फक्त सांगून ठेव.”

खराडीच्या त्या ऑफिसात पहिल्या दिवशी भाग्यश्रीने त्यांना काम समजावून सांगितलं. अँब्युलन्समध्ये बसवायचे वायरलेस संच तयार करायचे होते. आवाजाचे शून्य आणि एक असे आकडे करून ते हवेतून पाठवायचे आणि पलीकडच्या संचाने त्यांचा पुन्हा आवाज करायचा.

“पण काकू, शहरात प्रॉब्लेम असा होतो, की तोच सिग्नल एकदा सरळ येतो आणि मग बिल्डिंगांवर, टाक्यांवर, पुलांवर आपटून पुन्हा पुन्हा येतो. मागून येणारे पुढच्यावर चढतात. एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर. सगळी सरमिसळ होऊन जाते.”

“म्हणजे क्रॉस टॉक?”

“क्रॉस टॉकमध्ये दुसऱ्याचं बोलणं घुसते ना? इथं आपलंच आपल्यात घुसते.”

“हं. मग ते तुम्ही सोडवणार कसं?”

“गणितानं थोडंफार सुटते. पण सेटचं स्वतःचंही वाकडेपण असते, तिथे साधं गणित कमी पडते. म्हणून मी न्यूरल नेटवर्क वापरून राहिले. त्याला नियम शिकवायचे नाहीत. फक्त दाखवत जायचं, हे पाठवलं होतं आणि हे असं येऊन पोचलं. हजारो वेळा. चुकलं की आतले आकडे जरासे हलवायचे, पुन्हा दाखवायचं. हळूहळू त्याचं त्यालाच कळायला लागते, बिघडलेलं सरळ कसं करायचं ते.”

ललिताबाईंना हे मनापासून पटलं. त्यांना तरी कोणी नियम कुठे शिकवले होते? नांदेडकडची लाइन कशी गुणगुणते, वाऱ्यात कोकणातली कशी फुटते, हे ऐकून ऐकूनच तर कळलं होतं.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस त्या बसने खराडीला जात. बाकीचे ऐकणारे कॉलेजची मुलं होती. यंत्राने सरळ केलेली वाक्यं हेडफोनवर ऐकायची आणि ऐकू येतील तशी लिहायची, एवढंच काम. पहिल्या आठवड्यात ललिताबाईंचे आकडे सगळ्यांच्या पुढे होते. मुलं त्यांना “काकू, रेकॉर्ड!” म्हणायची. घरी परतताना बसमध्ये खिडकीपाशी बसल्या, की त्यांना उगीचच हसू यायचं. कोणीतरी आपल्याला पुन्हा कामाला बोलावलं, आणि तेही कानांच्या कामाला, याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं.

आणि आज त्याच म्हणत होत्या, की मला ऐकू आलं नाही.

भाग्यश्री केबिनमध्ये आली. “काकू, प्लीज. सोमवारपर्यंत लिहून टाका ना. नंतर बदलू वाक्यं.”

“लिहिते की. पण खोटं होईल ते.” त्यांनी कागद सरळ केला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “तुझं हे यंत्र किती दिवस ऐकतंय ही वाक्यं?”

“आठ महिने. पुलावर, बायपासला, पेठांमध्ये, सगळीकडे आपण हीच चाळीस पाठवली. म्हणजे तुलना करता येते ना...” भाग्यश्री बोलता बोलता थांबली.

“मला तीन आठवड्यांत पाठ झाली,” ललिताबाई म्हणाल्या.

भाग्यश्री बाहेर गेली आणि एक संच घेऊन परत आली. त्याच्यापुढे तिने एक करडी पेटी जोडली. येरवड्याच्या पुलावर नोंदवलेले सगळे पडसाद त्या पेटीत साठवलेले होते. पेटीतून गेलेला आवाज पुलावरून गेल्यासारखाच बिघडून निघायचा आणि मग यंत्र तो सरळ करायचं.

“काकू, काहीतरी बोला यात. काहीही. चाळीसमधलं नको.”

ललिताबाईंनी क्षणभर विचार केला. “भाजीवाल्याने आज मेथी आणली नाही.”

स्पीकरमधून जे बाहेर आलं त्यात ‘भाजी’ कळत होतं, बाकी सगळा भुगा होता. त्यांनी आणखी वाक्यं म्हटली. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही. श्यामरावांचा चष्मा बंबावर आहे. काही अर्धी कळत होती, काही अजिबात नाही. सोमवारच्या कागदावर शंभरातले शहाण्णव शब्द बरोबर असा आकडा होता.

“आता तेविसावंच म्हणते,” ललिताबाई म्हणाल्या. “शेवट तेवढा बदलून.” आणि संचाजवळ तोंड नेऊन त्या सावकाश म्हणाल्या, “पेशंटला ऑक्सिजन लावला नाही.”

स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, “पेशंटला ऑक्सिजन लावला आहे.”

भाग्यश्रीने तेच पुन्हा वाजवलं. पहिले तीन शब्द ललिताबाईंच्या आवाजात होते. शेवटचा ‘आहे’ मात्र त्यांचा नव्हता. तो नम्रताचा होता. कंपनीतल्या नम्रताने आठ महिन्यांपूर्वी ती चाळीस वाक्यं वाचली होती आणि आज ती रजेवर होती.

भाग्यश्री खुर्चीत बसली. “माझं नेटवर्क काही शिकलंच नाही, काकू. पाठ केलं त्यानं.”

संध्याकाळी दोघी एकाच बसने निघाल्या. भाग्यश्रीला दुपारभर काही सुचलं नव्हतं. तिने अजून कोणालाच काही सांगितलं नव्हतं. बस येरवड्यापर्यंत आली तेव्हा ती म्हणाली,

“सोमवारी जे डॉक्टर येणार आहेत ना, त्यांच्या साठ अँब्युलन्स आहेत. डेमोमध्ये तीच चाळीस वाक्यं आहेत. सगळं मस्त वाजेल. ते हो म्हणतील. मग तीन-चार महिन्यांत मी नवीन वाक्यांवर ट्रेन करून घेईन. कोणाला कळणारही नाही.” ती थांबली. “आणि सांगितलं, तर कदाचित प्रोजेक्टच बंद. संतोष सरांनी राहतं घर तेवढं ठेवून बाकी सगळं या कंपनीत टाकलंय. मी काय करू?”

बस सिग्नलला थांबली तेव्हा ललिताबाई म्हणाल्या, “तुला काय करायचं ते मी नाही सांगणार. पण माझ्या हातून असंच एकदा झालं होतं. ते सांगते.”

ती गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची. हिंगोलीकडच्या एका गावाहून पोस्टातून ट्रंक कॉल आला होता. भोसरीच्या एका कारखान्यात नागोराव म्हणून कामगार होता, त्याच्या नावाने. कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या खोलीत फोन होता. तिथे नागोरावला बोलावून आणलं गेलं. त्या दिवशी त्या बाजूला मोठं वादळ होतं. दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येईना. अशा वेळी मधली ऑपरेटर निरोप ऐकून पुढे सांगायची. ललिताबाईंनी कानावर हात दाबून ऐकलं. नागोरावचा मेव्हणा ओरडून सांगत होता, मुलगा झाला, बाई बरी... आणि पुढे नुसता कडकडाट.

“मी सांगून टाकलं, मुलगा झाला, बाई बरी आहे. वर्षाला असे शेकड्यांनी निरोप सांगायचे मी. मुलगा झाला म्हटलं, की पुढे बाई बरी आहे, हेच असायचं. पुन्हा विचारायला हवं होतं. पण कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपत आली होती, मागे कॉल तुंबले होते आणि मला वाटलं, की मी ऐकलं. खरंच वाटलं गं! खोटं सांगतेय असं मनातसुद्धा आलं नाही.”

“आणि तो काय म्हणाला होता?”

“बाई बरी नाही, लगेच निघा.”

नागोरावने कारखान्यात पेढे वाटले. शनिवारची सुट्टी धरून तो चौथ्या दिवशी गावी पोचला. बायको दुसऱ्याच दिवशी गेली होती. सासरच्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. निरोप मिळूनही आला नाही, पेढे वाटत बसला, असा बोल त्याला लागला. बाळ आजीकडे होतं, ते त्याला पाहूही दिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तो टेलिफोनच्या कचेरीत आला. त्या दिवशी त्या वेळी कोण बाई होत्या, एवढंच विचारत होता. ट्रंक रूमच्या मुख्य होत्या मिसेस पिंटो. कॅम्पातल्या, कडक. नव्या मुलीला त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, “ऐकलं ते बोलायचं. नाही ऐकलं, तर नाही ऐकलं बोलायचं. मधे आपल्या डोक्यातलं काय पण घालायचं नाय.” त्यांनी ललिताबाईंना बोलावलं आणि म्हणाल्या, “बाहेर माणूस आहे. तुला जायचं नसेल, तर मी जाते.”

“मी गेले,” ललिताबाई म्हणाल्या. “तो बाकावर बसला होता. मला वाटलं, ओरडेल, मारेलसुद्धा. मी उभ्या उभ्याच सांगितलं, शेवटचे शब्द मला ऐकू आले नव्हते, मी अंदाजाने सांगितले. तो म्हणाला, ‘बाई, हे लिहून द्याल का?’”

“कशाला?”

“मीही तेच विचारलं. म्हणाला, ‘लोक म्हणत्यात, मला कळलं होतं. मलाबी रात्री झोपेत तसंच वाटाया लागलंय. कागद असला म्हंजी बरं.’”

ललिताबाईंनी लिहून दिलं. तारीख, वेळ, आणि ‘बरी’नंतरचा ‘आहे’ हा शब्द मी न ऐकता सांगितला, नागोराव यांना दुसरं काही कळवलं गेलं नव्हतं, असं. त्या वेळी लग्नाला दोनच वर्षं झाली होती, श्यामरावांची नोकरी कच्ची होती, आणि तो कागद साहेबांच्या हातात पडला असता, तर ललिताबाईंची गेली असती. मिसेस पिंटोंनी कागद वाचला. म्हणाल्या, “सहीखाली तारीख टाक.” दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

“मग?”

“दिवाळीनंतर पोस्टकार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. दोन ओळींचं. ‘कागद सर्वांनी वाचला. आता मुलाला भेटू देतात. आपले उपकार आहेत.’” ललिताबाईंनी हातातल्या तिकिटाची घडी घातली. “उपकार! माझ्यामुळे त्या माणसाला बायकोचं तोंड पाहता आलं नाही, आणि तो माझे उपकार मानत होता. मला ते कार्ड वाचवेना. पण त्या कार्डामुळेच मी पुढची एकोणतीस वर्षं हेडसेट कानाला लावू शकले. नाहीतर सोडणारच होते मी.”

बस मनपाच्या स्टॉपपाशी पोचली होती. भाग्यश्री उतरली, ललिताबाईंना हात देऊन तिने उतरवलं आणि घरी पोचेपर्यंत ती त्यांचा हात धरूनच चालली.

शुक्रवारी सकाळी तिने संतोषला सगळं सांगितलं आणि तेविसावं वाक्य दोन्ही प्रकारे ऐकवलं. संतोष कंपनीचा मालक, पस्तिशीचा. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

“सोमवार आहे, भाग्यश्री. सोमवार!”

“हो सर.”

“नवीन वाक्यांवर किती येतंय?”

“एकसष्ट टक्के.”

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर आणखी एका आयटी पार्कच्या इमारतीला काचा बसवत होते. सगळ्यांना वाटलं, तो चिडणार. तो वळला आणि केबिनच्या दाराशी उभ्या असलेल्या ललिताबाईंना म्हणाला, “काकू, तुम्ही तेविसावं कोरं का सोडलंत?”

“कळलं नाही, तर कोरं सोडायचं असं तुमच्याच कागदावर छापलंय.”

संतोषला हसू आलं. मग हसू थांबलं आणि तो भाग्यश्रीला म्हणाला, “आपल्या यंत्राला कोरं सोडता येईल?”

भाग्यश्रीने चमकून वर पाहिलं. “येईल, सर. ते प्रत्येक उत्तराबरोबर त्याची खात्री किती आहे तेही देते. आम्ही तो आकडा कधी बघितलाच नाही. शून्य का एक, एवढंच घेत होतो. पण पाठ झालेल्या ठिकाणी त्याची खात्रीही खोटीच आहे. आधी त्याचं पाठांतर मोडायला पाहिजे.”

“मग मोडा. दोन दिवस आहेत.”

त्या दोन दिवसांत ऑफिसातल्या बाराही जणांनी मिळेल ते वाचलं. रेल्वेचं वेळापत्रक, औषधांची यादी, पाककृती, टेलिफोन डिरेक्टरी. डिरेक्टरी ललिताबाईंनी वाचली. तिची पानं त्यांना अनोळखी नव्हती, पण तिथे पाठ होण्यासारखं काही नव्हतं. भाग्यश्री ते सगळं पेटीतल्या पडसादांमधून यंत्राला दाखवत राहिली. कोणतीही दोन वाक्यं सारखी ठेवायची नाहीत, असा तिने नियमच केला. रविवारी दुपारी आकडा एकाहत्तरवर आला. पुढे सरकेना. जिथे यंत्राची खात्री कमी पडत होती, तिथे त्याने अंदाज न करता टुक असा एक आवाज द्यायचा आणि तेवढी जागा रिकामी सोडायची, अशी व्यवस्था तिने केली.

सोमवारी डॉक्टर वैजनाथ गुट्टे आले. पन्नाशीचे, मूळचे परळीकडचे, अँब्युलन्स सेवेचे प्रमुख. भाग्यश्रीने आधी जुनी चाळीस वाक्यं जुन्या यंत्रावर वाजवली. डॉक्टर खूश झाले. मग तिने तेविसावं बदलून वाजवलं आणि सांगितलं, “सर, आमचं चुकलं होतं. हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या ऐकणाऱ्या पॅनेलमधल्या वाळिंबे काकूंनी ते पकडलं.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. भाग्यश्रीने नवा संच त्यांच्या हातात दिला. डॉक्टर त्यात म्हणाले, “चाळीस वर्षांची बाई, बीपी नव्वद बाय साठ, रक्त थांबत नाही.” पलीकडून आलं, “चाळीस वर्षांची बाई, बीपी, टुक, बाय साठ, रक्त, टुक, नाही.”

“म्हणजे हे यंत्र ‘मला समजलं नाही’ असं म्हणतंय?”

“हो, सर.”

“छान. आमच्या ऑफिसात असं म्हणणारा एकही माणूस नाही.”

कोणीच हसलं नाही, कारण ते चिडून म्हणाले की कसं, ते कळेना. डॉक्टरांनी आणखी आठ-दहा वाक्यं बोलून पाहिली. टुक बरेच वेळा वाजला. पण ‘नाही’चं ‘आहे’ एकदाही झालं नाही. शेवटी त्यांनी संच खाली ठेवला. “साठ गाड्यांचं आत्ता विसरा. दोन गाड्या देतो, तीन महिने. टुक निम्मे करून दाखवा. मग बघू.”

साठ गाड्यांचं काम हातचं गेलं होतं, पण दार बंद झालं नव्हतं.

निघताना डॉक्टर ललिताबाईंपाशी थांबले. “तुम्ही ऑपरेटर होता का, ताई?”

“हो. ट्रंकवर.”

“मेडिकलला माझा नंबर लागला, ते मला ट्रंकवरच कळलं. गावच्या पोस्टात. काका इकडून ओरडत होते, मला काही ऐकू येईना. मधे एक बाई होत्या, त्यांनी सांगितलं. मी रडायलाच लागलो, तर त्या म्हणाल्या, थांबा, पुन्हा विचारून सांगते. आणि पुन्हा विचारून, पुन्हा सांगितलं. फोन कट झाल्यावर लक्षात आलं, की त्यांना थँक्यू म्हणायचं राहिलं.” त्यांनी हात जोडले. “तुम्हाला म्हणतो.”

ललिताबाईंनी मानेने नाही म्हटलं. “मी नसेन हो ती. कोण होती कुणास ठाऊक.”

“असू द्या. तुमच्यापैकीच कोणीतरी.”

त्या महिन्यात ऐकण्याची चाचणी नव्याने सुरू करायची ठरली. या वेळी भाग्यश्रीने नियम काटेकोर केले. प्रत्येक ऐकणाऱ्याचे कान आधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचे. ललिताबाईंचा कागद आला तेव्हा तिने तो उजेडात धरून दोनदा पाहिला. मग तिने त्यांना बोलावून दाखवला. ऐकू येण्याच्या आलेखात उजव्या कानाची रेघ ठीक होती. डाव्या कानाची अर्ध्यावरून खाली कोसळली होती.

“हेडसेट याच कानाला असायचा,” ललिताबाई म्हणाल्या. “मला वाटायचंच, की श्यामराव हल्ली हळू बोलतात.”

“काकू, नियमानं तुम्हाला पॅनेलवर... मी काही करून...”

“काही करू नकोस. नियम तूच केलायस ना?” त्यांनी कागदावरच्या त्या उतरत्या रेघेवर बोट फिरवलं. “अगं, चाळीस वर्षं दिलं की यानं. पुष्कळ दिलं. आता दमला, तर दमू दे.” मग त्यांनी तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि कोरडेपणाने विचारलं, “वाक्यं लिहायला तरी चालतील ना माझे हात? का हातांचीही रेघ काढायची आहे?”

तेव्हापासून वाक्यं ललिताबाई लिहू लागल्या. रोज पन्नास. कोणाला पुढचं ओळखता येणार नाही अशी. मंडईत ऐकलेली, रिक्षात ऐकलेली, मनाने रचलेली. काही श्यामरावांनी पेपरमागून सांगितलेली होती, ती सगळ्यात जास्त अवघड होती. नऊशे झाली तेव्हा ती निरनिराळ्या लोकांकडून वाचून घ्यायचं ठरलं. पहिला नंबर होता चाचणीतल्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरचा, रियाझचा.

तो येरवड्याचा, पंचवीस-तीस वर्षांचा. त्याने गाडी ऑफिसच्या आवारात उभी केली, बाहेरचा आवाज नको म्हणून काचा वर केल्या, ललिताबाईंनी लिहिलेली पानं स्टिअरिंगवर ठेवली आणि संच तोंडाशी धरला. भाग्यश्री वर यंत्रापाशी होती. ललिताबाई खाली पायरीवर बसल्या होत्या. ऊन मऊ होतं. काचेआड रियाझचे ओठ हलत होते, बोट ओळीवरून सरकत होतं. मधेच तो थांबला, खो खो हसायला लागला, डोळे पुसले, आणि पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य म्हणू लागला.

कोणत्या वाक्याला तो हसला, ते तो बाहेर आला की विचारायचं, असं ठरवून ललिताबाई तिथेच थांबल्या.